अंगठ्याची पट्टी आणि विज्ञानाचे वाचन

अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा असतो. त्याचे दोन्ही पृष्ठभाग एका दिशेने खोलगट, तर दुसऱ्या दिशेने फुगीर असतात. म्हणूनच अंगठा सर्व बाजूंना वळतो. मात्र या स्वातंत्र्याची किंमत तोच सांधा चुकवतो. कूनी व चाओ यांनी १९७७ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार, चिमटीत १ किलोचा जोर लावला की मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. घट्ट पकडीत तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. हा तरफेचा नियम आहे: भार टोकाला, स्नायूंची ओढ हाडालगत.

या सांध्याची झीज झाली की स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, सुचवली जाते. तिचा उपयोग होतो का? फ्रान्समधील ११२ रुग्णांच्या चाचणीत (२००९) रात्री पट्टी बांधणाऱ्यांना महिनाभराने काही लाभ दिसला नाही. वर्षाअखेरीस मात्र त्यांच्या वेदना स्पष्टपणे अधिक घटलेल्या होत्या. ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) खरी पट्टी, नकली पट्टी आणि पट्टीच नसणे यांत आठ आठवड्यांनी फरक आढळला नाही.

यावरून ‘पट्टी निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आठ आठवड्यांचे उत्तर वर्षभराच्या प्रश्नाला लागू पडत नाही. शिवाय ब्रिटिश चाचणीतील तिन्ही गटांना थेरपिस्टने व्यायाम व सांधा जपण्याच्या पद्धती शिकवल्या होत्या, आणि तिन्ही गटांच्या वेदना कमी झाल्या. शिकवण मिळालेल्या हाताला पट्टी अल्पकाळात आणखी काही देते का, एवढेच तिथे मोजले गेले. शिकवणच न मिळालेल्या हाताविषयी ती चाचणी मौन बाळगते.

भारतातील बहुसंख्य हात याच मौनात आहेत. बेतवेच्या काठावरचे, झाशी जिल्ह्यातील एरच घ्या. हातपंप दाबणे, ओले कपडे पिळणे, विळा चालवणे हे तिथल्या प्रौढ स्त्रीचे रोजचे काम. तिला पट्टा विकत मिळेलही. पण तो कधी बांधावा, कधी सोडावा, विळ्याची मूठ कापड गुंडाळून जाड का करावी, कपडे चिमटीने न पिळता तळहातांनी का दाबावेत, हे सांगणारे कोण? ते न कळल्यास पट्टा आठवड्याभरात खुंटीला लागतो, आणि दोष मात्र पट्ट्याला मिळतो.

हे ज्ञान देशाला नवे नाही. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या चौकटीत आणले. आता प्रश्न उरतो तो नेमणुकांचा.

थेरपिस्ट महाग आणि पट्टी स्वस्त, असा आक्षेप घेतला जाईल. पण न वापरलेली पट्टी स्वस्त नसते. तिचा सारा खर्च वाया जातो. वाटपाच्या शिबिरांत पट्ट्यांची संख्या मोजणे सोपे, म्हणून तीच मोजली जाते. खरे मोजायला हवे ते सहा महिन्यांनंतर किती हात विनावेदना कपडे पिळतात हे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी चाचणीचा निकाल वाचताना आधी एक प्रश्न विचारावा: तुलना नेमकी कशाशी केली होती? एरचच्या अंगठ्याचे उत्तर त्या प्रश्नात दडलेले आहे.