सायकलवाल्यांचे मंडळ बिनवर्गणीचेच हवे

वार्षिकांकासाठी मी सायकलवर लिहिणार आहे असे सांगितले, तेव्हा माझी एक मैत्रीण हसली. म्हणाली, "सायकलवरचा निबंध पाचवीतच झाला की गं!" तिच्या हसण्याचा मला राग आला नाही. पहिल्या वर्षी मी स्वतःच माझी सायकल महाविद्यालयाच्या फाटकापासून दूर, एका दुकानाच्या आडोशाला लावीत असे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. परंतु बाबांच्या जुन्या सायकलवरून येऊन ती चढते, हे कुणाला दिसू नये अशी माझी धडपड असे. आज त्या धडपडीची लाज वाटते, म्हणून हा लेख.

आम्ही गोखिवऱ्याला राहतो. बाबा वालीवच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळी संपवून पहाटे परत येत असता एका टेम्पोने त्यांना मागून धडक दिली आणि तो तसाच निघून गेला. बाबा रस्त्याकडेच्या गटारात पडले. त्यांना बाहेर काढले ते फेरीला निघालेल्या एका पाववाल्याने. त्याने रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात पाठवले आणि मोडलेली सायकल जवळच्या पंक्चरवाल्या चाचांच्या दुकानापाशी आणून ठेवली. बाबांचा फोन पाण्यात गेला होता. चाचांना बाबांचे नाव ठाऊक नव्हते, घरही ठाऊक नव्हते. पण कॅरिअरला बांधलेली हिरवी दोरी त्यांनी ओळखली. "ही तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीची सायकल," असे म्हणून चाळीचाळीतून विचारत ते आमच्या दारी आले. तोवर दोन तास लोटले होते. बाबांच्या हाताचे हाड मोडले होते. पुढे दोन महिने ते घरी होते, बिनपगारी.

त्या दोन तासांचा विचार माझ्या मनातून जात नाही. मोटारीला नंबर असतो, कागदपत्रे असतात. धडक झाली तर ती कुणाची हे शोधता येते. सायकलला यांतले काही नाही. पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा बिल्ला देत. कर कुणाला आवडतो? परंतु त्या बिल्ल्याने निदान सायकलची नोंद तरी होत असे. आता कर गेला आणि नोंदही गेली.

नोंद नाही म्हणजे सायकलवाले नाहीत असे मात्र नव्हे. २०११ च्या जनगणनेत, शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना ते कामावर कसे जातात असे विचारले होते. देशभरात त्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. त्याच जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. आपल्याकडचा सायकलवाला पाहायचा असेल तर पहाटे बाहेर पडावे. पोंगा वाजवणारा पाववाला, कॅन लटकवलेला दूधवाला, भाजीच्या पाट्या घेऊन निघालेला बागाईतदाराचा गडी, आणि वालीव-सातिवलीच्या वसाहतींकडे डबा अडकवून जाणारी कामगारांची रांग. हे सगळे एकमेकांना रोज पाहतात, पण नावाने ओळखत नाहीत.

आपल्याकडे सायकलवाल्यांचे गट नाहीत काय? आहेत. मीही एकदा अशा एका गटाबरोबर रविवारी गेले होते. वसईच्या किल्ल्यापासून निघून गिरीज, वाघोली, निर्मळ, आगाशी करीत अर्नाळ्यापर्यंत. वाटेत केळीच्या बागा, पोखरणी, समुद्राचा वारा. मंडळी फार प्रेमळ होती. माझी चेन पडली तेव्हा तिघेजण थांबले. परंतु सभासद व्हायचे तर वर्गणी होती, गणवेशाचा सदरा विकत घ्यायचा होता आणि भेटायची वेळ होती रविवारी पहाटे पाचची. त्या वेळी बाबा कामावरून सुटतही नाहीत. त्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांनी सायकलला मान मिळवून दिला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली, त्याचा मलाही अभिमान वाटतो. माझे म्हणणे इतकेच, की सायकलवाला म्हटले की पाववालाही आठवला पाहिजे.

एकत्र आल्याने काय होते, याचे दाखले पुष्कळ आहेत. आज हॉलंड सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो तसा आपोआप झाला नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर ३ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक लहान मुले होती. तेव्हा आईबापांनी 'बालहत्या थांबवा' अशी चळवळ उभारली, आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना निघाली. त्या रेट्यामुळे सरकारला सायकलसाठी वेगळे रस्ते करण्याकडे वळावे लागले. हॉलंड फार दूर वाटत असेल तर तामिळनाडूकडे पाहा. पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण बायकांना सायकल शिकवायला सुरुवात झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती कल्पना उचलून धरली आणि हजारो बायका सायकल शिकल्या. त्या शर्यतीसाठी शिकल्या नव्हत्या. पाणी आणायला, मुलांना शाळेत सोडायला आणि बाजाराला जायला शिकल्या.

तसे मंडळ आपल्याकडे का निघू नये? त्याची कामे मोठी नाहीत. पंक्चरच्या दुकानांत एकेक वही ठेवावी. तीत सायकलवाल्याचे नाव, घरचा पत्ता, घरच्यांचा फोन आणि सायकलची खूण असावी. त्याच दुकानावर फळा लावावा आणि कुठे गटाराचे झाकण उघडे आहे, कुठे पाणी भरले आहे, ते त्यावर रोज लिहावे. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होते आणि लोकलही बंद पडल्या होत्या. अशा दिवसांत तो फळा किती कामी येईल! रात्रपाळीवाल्यांच्या सायकलींना मागे रेडियमची पट्टी चिकटवावी. ज्या आयाबहिणींना सायकल शिकायची आहे, त्यांना रविवारी दुपारी मैदानावर शिकवावे. आणि स्टेशनाबाहेर सायकल लावायला सुरक्षित जागा मिळावी म्हणून शे-दोनशे सह्यांचा अर्ज महानगरपालिकेकडे न्यावा.

यावर आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "वर्गणीशिवाय मंडळ टिकत नाही. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही." सरांचा अनुभव मोठा आहे, पण इथे माझे मत वेगळे आहे. वर्गणी दहा रुपये ठेवली तरी ती देणारा आतला आणि न देणारा बाहेरचा ठरतो. पहिल्यांदा बाहेर कोण पडेल? ज्याला सभेला यायला सवड नाही तो. म्हणजे नेमका तोच, ज्याच्यासाठी ती वही हवी आहे. रेडियमला पैसे लागतील हे खरे. ते राष्ट्रीय सेवा योजनेतून मिळावेत, कुणी दुकानदाराने पट्टीच द्यावी, रविवारच्या गटांनी हातभार लावावा. वस्तू कुणीही द्यावी. सभासदत्व मात्र विकू नये. पाववाल्याने बाबांना गटारातून काढताना पावती मागितली नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, मी नुसते लिहून थांबलेले नाही. चाचांच्या दुकानात शंभर पानी वही ठेवली आहे. आजवर तीत सव्वीस नावे झाली. पहिले नाव बाबांचे आहे, खुणेच्या रकान्यात 'हिरवी दोरी' असे लिहिले आहे. त्या पाववाल्याचे नाव अजून मिळालेले नाही. त्याच्यासाठी दुसरी ओळ कोरी ठेवली आहे. आपल्यापैकी जे सायकलने येतात त्यांनी आपापल्या वाटेवरच्या दुकानात अशी एक वही ठेवावी, आणि जे येत नाहीत त्यांनी आपल्या दारी दूध-पाव घेऊन येणाऱ्याचे नाव विचारून ती भरावी. माझी सायकल आता फाटकाच्या आतच उभी असते. कुणाला हवा भरायची असेल तर पंप तिच्या कॅरिअरला अडकवलेला आहे.

(द्वितीय वर्ष, कला)