शिंपल्याचें घड्याळ आणि आपली शाळा

पडेगांवाहून समुद्र दूर आहे. सरळ रेषेंत मोजलें तरी मधलें अंतर अडीचशें किलोमीटरांहून अधिक भरेल; शिवाय वाटेंत सह्याद्रि आडवा उभा. आपल्या शाळेंतील कित्येक मुलांनीं समुद्र केवळ चित्रांतच पाहिला असेल. आणि ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिला, त्यांनीं बहुधा दोन घटका वाळूंत खेळून चार शिंपले खिशांत घालून आणले असतील. अशा गांवच्या शालेय वार्षिकांत समुद्रांतील क्षुद्र जीवांविषयीं लिहिणें कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, समुद्रापासून दूर राहणाऱ्या मुलांनींहि या जीवांचा अभ्यास अगत्यानें करावा. आणि तो बाटलींत बुडविलेल्या मृत नमुन्यांपुरता न ठेवतां, जिवंत प्राण्याच्या दिनचर्येचा, घड्याळ व वही हातीं घेऊन करावा. हें मत कां, तें सांगतों.

पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांस शास्त्रीय भाषेंत अपृष्ठवंशीय म्हणतात. शिंपले, शंख, खेकडे, कोळंबी, तारामासे, समुद्रफुलें, प्रवाळ हे सर्व याच वर्गांतले. त्यांपैकीं जे भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत राहतात, त्यांची स्थिति मोठी चमत्कारिक असते. आपणांस एकट्या सूर्याचें घड्याळ पाळावें लागतें. चोवीस तास उलटले कीं आपला क्रम पुन्हां पहिल्यापासून सुरू. किनाऱ्यावरील खेकड्यास मात्र दोन धनी आहेत. एक सूर्य, ज्याचा दिवस चोवीस तासांचा; दुसरा चंद्र, ज्याचा दिवस चोवीस तास पन्नास मिनिटांचा. चंद्राच्या या दिवसांत दोन वेळां भरती येते, आणि म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते. आज भर दुपारीं जो कातळ पाण्याखालीं आहे, तोच आठवड्यानें भर दुपारीं उघडा पडून उन्हांत तापत असतो. अशा ठिकाणीं वेळ चुकणें म्हणजे जिवास मुकणें. ओहोटीच्या वेळीं कवच मिटावयास विसरलेला शिंपला सुकून मरेल. भरती येतांना बिळांत न शिरलेला खेकडा माशांच्या तोंडीं पडेल.

भरतीचा हा हिशेब कोंकणांतील दर्यावर्दी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या तोंडीं जपला आहे. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस अथवा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. त्यापुढें सहा तासांनीं ओहोटी. बंदरागणिक व दिवसागणिक यांत थोडाबहुत फरक पडतो. पण नियमाचें मूळ स्पष्ट आहे, कारण पन्नास मिनिटें म्हणजे पाऊण तासाहून किंचित अधिक. पौर्णिमा-अमावास्येस उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांग असते. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरतीच्या व ओहोटीच्या पातळींत चार मीटरांहूनहि अधिक अंतर पडतें. तात्पर्य, आपल्या आठवीच्या वर्गांतील विद्यार्थी भिंतीवरील दिनदर्शिका पाहून, मुंबईच्या कातळावर या घटकेस पाणी चढत आहे कीं उतरत आहे, हें पडेगांवांत बसून सांगूं शकतो. सह्याद्रि या हिशेबास आडवा येत नाहीं.

आतां खरा प्रश्न असा कीं, हे प्राणी पाणी आलें म्हणून हालतात, कीं पाणी येणार हें त्यांस आधींच ठाऊक असतें? फ्रान्सच्या किनाऱ्यावर एक हिरवा, अगदीं बारीक किडा आहे. दिवसाच्या ओहोटींत तो वाळूवर येतो व भरती परतण्यापूर्वीं वाळूंत शिरतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांनीं हे किडे वाळूसह कांचेच्या भांड्यांत ठेवून पाहिले. भांड्यांत ना भरती, ना ओहोटी. तरीहि कांहीं दिवसपर्यंत ते बाहेरच्या ओहोटीच्या वेळीं वर येत व भरतीच्या वेळीं खालीं जात. खाडीच्या चिखलांत राहणारा एक खेकडा आपल्या कोंकणांतहि विपुल आहे. त्याच्या नराची एक नांगी अवाढव्य असते व दुसरी इवलीशी. या खेकड्याच्या अमेरिकेंतील एका जातीचा रंग दिवसा गडद होतो व रात्रीं फिका पडतो. फ्रँक ब्राऊन व मार्गरिट वेब या शास्त्रज्ञांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असें दिसून आलें कीं, अखंड अंधारांत ठेवलें तरी त्याचा हा रंगपालट आपल्या वेळेवर चालूच राहतो. ज्यास उजेड दिसत नाहीं त्यास सकाळ झाल्याचें कोणी सांगितलें? शास्त्र उत्तर देतें, त्याच्या शरीरांतील घड्याळानें.

याच ब्राऊन यांनीं १९५४ सालीं जो प्रयोग पुढें मांडला, तो आपणां घाटावरच्या लोकांस विशेष मनोरंजक वाटेल. त्यांनीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू हेवन येथून कालवें आणविलीं व तीं हजार किलोमीटरांहून अधिक दूर, शिकागोनजीकच्या एव्हान्स्टन गांवीं, अंधाऱ्या खोलींत खाऱ्या पाण्यांत ठेविलीं. प्रथम सुमारें दोन आठवडे तीं कालवें न्यू हेवनच्या भरतीच्या वेळीं सर्वांत जास्त उघडत. पुढें मात्र त्यांची वेळ सरकली. आणि एव्हान्स्टन येथें जर समुद्र असता तर ज्या वेळीं भरती आली असती, त्या वेळेस तीं उघडूं लागलीं, असें ब्राऊन यांनीं लिहिलें. यावर मोठा वाद माजला. ब्राऊन यांचें म्हणणें, कालवांस बाहेरून कांहीं सूक्ष्म शक्तीची चाहूल लागते. इतर बहुतेकांचें म्हणणें, घड्याळ प्राण्याच्या आंत असतें, आणि प्रकाश, तापमान, पाण्याची हालचाल यांनीं तें केवळ मागेंपुढें लावलें जातें. १९५७ सालीं लॅमाँट कोल या शास्त्रज्ञानें थट्टेनें एक निबंध लिहिला. त्यानें वाटेल ते आंकडे घेतले, त्यांवर त्याच धर्तीची गणिती क्रिया केली, आणि जगांत कोठेंहि नसलेल्या एकशिंगी घोड्याच्या अंगींहि जणूं कांहीं घड्याळ असल्याचें ‘सिद्ध’ करून दाखविलें! आज शास्त्रज्ञांचा कौल बहुतांशीं आंतल्या घड्याळाच्या बाजूस आहे. पण विद्यार्थ्यांनीं या वादांतून घ्यावयाचा धडा निराळाच आहे: नोंद प्रामाणिक व पुरेशी नसेल, तर मोठ्या पंडितासहि नसलेला घोडा दिसूं शकतो.

समुद्रापासून दूर राहून समुद्राच्या जीवांचा अभ्यास करणें ही गोष्ट केवळ परदेशींच घडली असें नाहीं. आपल्याच शहरांत १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. आज तें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथील प्राणिशास्त्र विभागाचे प्राध्यापक आर. नागभूषणम् व त्यांचे सहकारी यांनीं शिंपले, कोळंबी व खेकडे यांच्या शरीरक्रियांवर दीर्घकाळ संशोधन केलें. रत्नागिरीनजीकच्या काळबादेवी खाडींत कटेलिसिया ओपिमा नांवाचा एक शिंपला आहे. त्याच्या प्रजननाचा नागभूषणम् व यू. एच. माने यांनीं केलेला अभ्यास १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली ती १९९८ सालीं; म्हणजे हें काम त्यापूर्वीं जवळजवळ दोन तपें झालेलें. शिंपल्यास जसें भरतीचें घड्याळ, तसेंच वर्षाचेंहि. त्याचीं अंडीं केव्हां पक्व होतात व केव्हां पाण्यांत सोडलीं जातात, हें महिन्यामागून महिना नमुने पाहिल्यावांचून कळत नाहीं. त्याच विभागांत आपल्या भागांतील गोड्या पाण्याच्या खेकड्यावरहि पुष्कळ संशोधन झालें. ज्या शहरांत समुद्राचा थेंब नाहीं, त्या शहरानें समुद्राच्या शास्त्रांत भर घातली, हें आपल्या मुलांस माहीत असावयास नको काय?

येथें पालक विचारतील, ‘हें सर्व ठीक; पण परीक्षेंत याला किती गुण?’ हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेणाऱ्या आईबापांस तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. यावर आमचें उत्तर दुहेरी आहे. पहिलें असें कीं, उपयोग दिसून येण्यास वेळ लागतो, पण तो येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते; या काळांत अनेक जाती अंडीं घालतात, हें त्या बंदीचें एक मुख्य कारण आहे. प्राण्यांचें वेळापत्रक कोणीतरी आधीं लिहून ठेविलें नसतें, तर असा नियम कशाच्या आधारें केला असता? तसेंच २०१७ सालीं जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीच्या शरीरांतील घड्याळाची किल्ली शोधल्याबद्दल. त्या शोधाच्या प्रकाशांत माणसाची झोंप, जागरण व रात्रपाळी यांचा आज विचार होतो.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें. गुण पाठांतरानें मिळतात हें खरें. पण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून, जें दिसलें तेवढेंच लिहावयाचें, ही संवय पाठांतरानें लागत नाहीं. पुष्कळ प्रयोगशाळांच्या कपाटांत तारामासा, खेकडा, शंख औषधी पाण्यांत बुडवून मांडलेले असतात. मुलें त्यांचीं चित्रें काढतात, नांवें पाठ करतात व परीक्षा उत्तीर्ण होतात. या बाटल्यांचा उपयोग नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. शरीराची रचना त्यांवरून चांगली कळते. परंतु बाटलींत प्राण्याचा आकार राहतो, त्याचा काळ राहत नाहीं. तो केव्हां उठतो, केव्हां लपतो, कशाची वाट पाहतो, हें बाटली सांगत नाहीं. जो मुलगा केवळ बाटली पाहून वाढला, त्यास प्राणी म्हणजे वस्तु वाटूं लागते. मग किनाऱ्यावर गेल्यावर ती वस्तु उचलून खिशांत घालण्यांत त्याला गैर कांहींच वाटत नाहीं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. त्यांस खर्च जवळजवळ नाहीं.

पहिली, आठवी व नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एक ‘घड्याळवही’ ठेवावी. घराजवळचा एखादा कणाहीन प्राणी निवडावा. मुंगी, कोळी किंवा पावसाळ्यांत ओढ्याकांठीं दिसणारा खेकडा. त्यास न पकडतां, ठरलेल्या वेळीं आठवडाभर पाहावें. दिसला तर काय करीत होता तें लिहावें. न दिसला तर ‘दिसला नाहीं’ एवढेंच लिहावें. तीहि नोंदच आहे.

दुसरी, समुद्रांतील शंखांचा भाऊबंद पडेगांवांतहि पावसाबरोबर प्रकट होतो. ती आपली गोगलगाय. झांकणास भोंकें पाडलेल्या डब्यांत ओली माती व पाला घालून ती दोन दिवस उजेडांत व पुढें तीन दिवस काळ्या कापडाखालीं ठेवावी, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ व निजण्यापूर्वीं विजेरीवर लाल कागद लावून पाहावी. अंधारांतहि ती रात्र ओळखते काय, हें मुलांनीं स्वतः ठरवावें. प्रत्येक वेळीं हात साबणानें धुवावे, आणि प्रयोग संपतांच तिला जेथून आणली तेथें सोडावी.

तिसरी, शाळेच्या फळ्यावर तिथीवरून काढलेली भरती-ओहोटीची वेळ रोज लिहावी, आणि कोंकणांत किंवा मुंबईस सहल न्यावयाची झाल्यास ती तिथि पाहून ठरवावी. उधाणाच्या दिवशीं ओहोटी सकाळीं व संध्याकाळीं साडेपांच-सहाच्या सुमारास असते. तेव्हां जो पट्टा उघडा पडतो तो एरवीं दिसत नाहीं. मुंबईंत २०१७ सालापासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमांत नागरिक असे किनारे पाहावयास जाऊं लागले. मुंबईकरांस जें साधलें तें आपल्या मुलांस कां साधूं नये? मात्र स्थानिक जाणत्या माणसाबरोबर जावें, पाणी फिरण्यापूर्वीं परतावें, उचललेला दगड होता तसा ठेवावा, आणि एकहि शंख घरीं आणूं नये. रिकामा दिसणारा शंख हें एखाद्या खेकड्याचें उद्यांचें घर असतें.

पालकांनीं या वह्या कधींमधीं उघडून पाहाव्या, आणि त्यांत ‘दिसला नाहीं’ असें चार वेळां लिहिलेलें आढळल्यास मुलास रागें भरूं नये. न दिसलेली गोष्ट दिसली असें न लिहिणारा मुलगा त्या दिवशीं परीक्षेहून मोठी गोष्ट शिकला, असें समजावें. आणि वर्षअखेर या वह्यांतील निवडक पानें, त्यांतील रिकाम्या ओळींसह, पुढील अंकांत छापावीं, अशी संपादक महाशयांस आमची नम्र विनंती आहे.