पॅकेजचा कॉन्फ्लिक्ट आणि सक्तीचा सल्ला

डेबियन या लिनक्स वितरणात एका मशीनवर एकाच वेळी एकच मेल ट्रान्सपोर्ट एजंट बसतो. एक्झिम, पोस्टफिक्स आणि सेंडमेल हे तिघेही 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' हे एकच आभासी पॅकेज पुरवतात आणि त्याच नावाशी आपला कॉन्फ्लिक्ट असल्याचेही जाहीर करतात. म्हणून ज्या सर्व्हरवर एक्झिम आधीपासून आहे, तिथे पोस्टफिक्सॲडमिनसारखे व्यवस्थापनाचे साधन आणि त्याच्यासाठी पोस्टफिक्स बसवायला गेले की ॲप्ट एक्झिमची पॅकेजे काढून टाकण्याची यादी समोर ठेवतो आणि होकार मागतो. बसवणारा अडखळतो तो इथे.

या अडखळण्यावर एक मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. कॉन्फ्लिक्ट म्हणजे पॅकेज बांधणाऱ्यांची फाजील काळजी; डीपीकेजीला सक्तीचा पर्याय द्यावा, दोन्ही पॅकेजे शेजारी शेजारी बसवावीत, ब्राउझरमध्ये पॅनल उघडले की काम फत्ते. तरीही अडलेच, तर सगळे कंटेनरमध्ये टाकावे, नाहीतर मशीन पुसून नव्याने सुरुवात करावी. असा सल्ला देणाऱ्याचे काम पॅनल उघडताच संपते. सर्व्हर पुढे वर्षानुवर्षे सांभाळायचा असतो दुसऱ्याच कोणाला.

आधी सक्तीचे पाहू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होते. पॅकेजात कॉन्फ्लिक्टची ओळ कोणी लहरीखातर लिहीत नाही. '/यूएसआर/एसबिन/सेंडमेल' ही फाइल एक्झिमही आणतो आणि पोस्टफिक्सही. क्रॉन, पीएचपीचे मेल फंक्शन, बॅकअपच्या आणि देखरेखीच्या स्क्रिप्ट हे सगळे आपला मेल याच ठिकाणी सोपवतात. त्या नावामागे कोणता प्रोग्रॅम आहे हे त्यांना ठाऊक नसते, ठाऊक असण्याची गरजही नसते. 'मेलक्यू' आणि 'न्यूअलायसेस' या कमांडचेही तसेच. आता 'फोर्स-कॉन्फ्लिक्ट्स' आणि 'फोर्स-ओव्हरराइट' हे दोन्ही पर्याय देऊन एक्झिमच्या शेजारी पोस्टफिक्स घुसवला असे धरू. पोर्ट २५ एक्झिमने आधीच धरलेला असतो. पोस्टफिक्स सुरू व्हायला जातो, पत्ता आधीच वापरात असल्याची नोंद लॉगमध्ये करतो आणि बंद पडतो. बाहेरून येणारा मेल एक्झिमकडेच जात राहतो. सेंडमेल नावाची फाइल मात्र आता पोस्टफिक्सची झालेली असते. त्यामुळे मशीनवरच तयार होणारा मेल '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप' या डिरेक्टरीत साचू लागतो आणि तो उचलणारा कोणी चालू नसतो. ॲडमिन रांग पाहायला 'मेलक्यू' चालवतो, तर ती कमांडही पोस्टफिक्सची. '/व्हार/स्पूल/एक्झिम४/इनपुट' मध्ये अडकलेले मेल ती दाखवतच नाही. बॅकअप फसल्याची सूचना, डिस्क भरत आल्याची सूचना, सगळे मेलड्रॉपमध्ये पडून. पॅनल तेवढे छान उघडते, कारण पोस्टफिक्सॲडमिनचे काम डेटाबेसात डोमेन आणि मेलबॉक्सच्या नोंदी करणे. मेल पोचवणे हे त्याचे कामच नाही. पॅनल उघडले म्हणजे सर्व्हर चालला, हा सक्तीवाल्यांचा निकष मुळातच चुकीचा आहे.

नुकसान इथेच थांबत नाही. कॉन्फ्लिक्ट मोडलेल्या अवस्थेत ॲप्ट दुसरे कोणतेही पॅकेज बसवायला नकार देतो आणि आधी बिघाड दुरुस्त करायला सांगतो. रात्री आपोआप चालणारी सुरक्षा अपडेट त्यामुळे अडतात, आणि ज्यांचा मेलशी काही संबंध नाही अशा पॅकेजांचीही अडतात. एखादीच फाइल 'फोर्स-ओव्हरराइट'ने दडपली तरी सुटका नाही. डीपीकेजी त्या फाइलची मालकी नव्या पॅकेजच्या नावे करतो. जुन्या पॅकेजची पुढची आवृत्ती आली की तीच त्रुटी पुन्हा उभी राहते. नवे साधन नकोसे होऊन काढले, तर त्याच्याबरोबर फाइलही जाते. जुने पॅकेज यादीत बसवलेले दिसते आणि त्याची फाइल डिस्कवर नसते. असा बिघाड शोधायला लागणारा वेळ सक्तीने वाचवलेल्या वेळाच्या कितीतरी पट असतो.

हा वाद जुनाच आहे. सोर्समधून स्वतः बांधलेले सॉफ्टवेअर चांगले की वितरणाचे पॅकेज, यावर पूर्वी अशीच खडाजंगी होत असे. स्वतः बांधले की कोणाची परवानगी लागत नाही, हा तेव्हाच्या सक्तीवाल्यांचा अभिमान होता. परवानगी लागत नाही हे खरे, पण '/यूएसआर/लोकल' मध्ये बांधून ठेवलेली लायब्ररी जुनी झाली हे सांगायलाही मग कोणी उरत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला, तेव्हा पॅकेजमधून आलेली लायब्ररी एका अपडेटने बदलता आली. हाताने बांधलेल्या प्रती मशीनगणिक हुडकाव्या लागल्या. त्या वादाचा निकाल तेव्हाच लागला होता. तो विसरून तोच आग्रह नव्या नावाने धरण्यात काही शहाणपण नाही.

कंटेनरने फायलींचा झगडा मिटतो, हे मान्य. होस्टच्या एका आयपीवरचा पोर्ट २५ मात्र एकच राहतो आणि होस्टवरच्या एक्झिमने तो धरला असेल तर कंटेनरलाही तो मिळत नाही. शिवाय डॉकरच्या प्रॉक्सीमधून आलेले बाहेरचे कनेक्शन आतल्या पोस्टफिक्सला डॉकर नेटवर्कच्या गेटवेवरून आल्यासारखे दिसू शकते; ते नेटवर्क 'मायनेटवर्क्स' मध्ये विश्वासू म्हणून नोंदलेले असेल तर सर्व्हर ओपन रिले होतो आणि जगभरचा स्पॅम त्यातून वाहतो. मशीन पुसण्याचा सल्ला, जिथे लोकांचा मेल आधीच साठलेला आहे तिथे, विचारात घेण्याजोगाही नाही. रेड हॅटच्या घराण्यात 'अल्टरनेटिव्ह्ज' या व्यवस्थेमुळे सेंडमेल आणि पोस्टफिक्स एकत्र बसू शकतात, हा दाखला सक्तीवाले हमखास देतात. पण तिथेही कोणाचा सेंडमेल चालेल हे ॲडमिनला निवडावेच लागते, आणि पोर्ट २५ तिथेही दोघांना मिळत नाही.

खरा उपाय निवडीचा आहे. फाइल आणि पोर्ट कोणाचे, हे आधी ठरवावे आणि मग पॅकेजे हलवावीत. वादातली फाइल कोणत्या पॅकेजची हे 'डीपीकेजी -एस' सांगतो. त्यातला एस मोठ्या लिपीतला. 'ॲप्ट-गेट -एस', धाकट्या एसने, बसवण्याची नुसती रंगीत तालीम करतो आणि काय काय काढले जाईल ते दाखवतो. पोस्टफिक्स ठेवायचा ठरला तर 'एक्झिम -बीपी'ने आधी एक्झिमची रांग पाहावी आणि ती रिकामी होईपर्यंत थांबावे, कारण एका एजंटची रांग दुसऱ्याला वाचता येत नाही. '/इटीसी/एक्झिम४' ची प्रत बाजूला ठेवावी. पोस्टफिक्स बसल्यावर 'न्यूअलायसेस' चालवावा. एक्झिम '/इटीसी/अलायसेस' ही फाइल थेट वाचतो, पोस्टफिक्सला तिच्यावरून तयार केलेला डेटाबेस लागतो. मेलमन ३ सारखे पायथनचे साधन हवे असेल तर त्याला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्यावे. डेबियन १२ पासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट काही बसवायला नकार देतोच. आवृत्त्यांचा कॉन्फ्लिक्ट तर सक्तीने हलतही नाही. २०२५ च्या डेबियन १३ मधला डव्हकॉट २.४ जुन्या २.३ च्या कॉन्फिगरेशनवर सुरूच होत नाही, त्यामुळे ते कॉन्फिगरेशन लिहून देणारे साधन २.४ साठी तयार आहे का, हे बसवण्यापूर्वीच तपासावे लागते.

'एसएस -एलटीएनपी'च्या यादीत पोर्ट २५ समोर एकच प्रोग्रॅम दिसला, 'डीपीकेजी --ऑडिट'ने काहीही छापले नाही आणि क्रॉनचा चाचणी मेल रूटच्या मेलबॉक्समध्ये पोचला, की कॉन्फ्लिक्ट सुटला असे समजावे. त्याआधी पॅनलमध्ये एकही मेलबॉक्स उघडू नये.