डॉक्टर घडावा धानोऱ्यात, भामरागडात

गडचिरोलीसह दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये महाराष्ट्राला २०२४ मध्ये मिळाली, हे स्वागतार्हच. पण तिथले शिक्षण जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच राहणार असेल, तर दुर्गम गावांच्या पदरी फार काही पडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरोग्यातील दरी केवळ पदव्यांनी बुजत नाही. गडचिरोली जिल्ह्यातच डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. गरजेबरहुकूम दिलेल्या प्रशिक्षणाची ताकद याहून ठळक कशी दिसावी? म्हणूनच भावी डॉक्टरांचे शिक्षणही गावांत व्हायला हवे.

विद्यार्थ्यांना गावात धाडल्यास त्यांचे क्लिनिकल शिक्षण कच्चे राहील, हा आक्षेप देखरेखीविना पाठवणीपुरता खरा आहे. अनुभवी शिक्षक सोबत असतील, तर हिवताप, सिकलसेल, सर्पदंश, कमी वजनाची बाळे यांचे सर्वांत कसदार शिक्षण तिथेच मिळेल. ग्रामीण सेवेचा बाँड आहेच, असेही सांगितले जाईल. मात्र बाँड पदवीनंतर येतो. तोवर ज्याला माडिया वा गोंडी या स्थानिक भाषांतले चार शब्दही कळत नाहीत, तो डॉक्टर रुग्णाचे दुखणे समजून घेणार कसे? म्हणून आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि वैद्यकीय शिक्षण विभागाने येत्या सत्रापासूनच धानोरा, भामरागड यांसारख्या आदिवासी तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिक्षकांची पदे, विद्यार्थ्यांचे निवास आणि स्थानिक भाषेचे धडे सक्तीचे करावेत.