शिबिर आटोपले, पण लक्ष ठेवा!

शाळेचे तीन दिवसांचे शिबिर मुसळधार पावसामुळे दुसऱ्याच दिवशी गुंडाळावे लागले, की पालकांची कुरकुर ठरलेली. ‘पैसे तीन दिवसांचे घेतले, मुले मात्र लगेच परत!’ ही तक्रार मी परवाच दवाखान्यात ऐकली. माझे मत स्पष्ट आहे. ओढ्याचे पाणी चढताना पाहून मुलांना घरी आणणाऱ्या गुरुजींचे आभारच मानायला हवेत. ओल्या कपड्यांत वारा लागला की मुलांच्या अंगातील ऊब झपाट्याने कमी होते. गळक्या तंबूत रात्र काढण्यात कसले आले धाडस?

मात्र मुले घरी आली म्हणजे काळजी संपली, असे नाही. नंतर ताप आला की ‘पावसात भिजला म्हणून’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा समज घातक ठरू शकतो. साचलेल्या पाण्यात व चिखलात उंदीर, गुरे, कुत्री यांचे मूत्र मिसळलेले असू शकते. त्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. हा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, क्वचित महिन्यानेही. तोपर्यंत शिबिर सगळेच विसरलेले असतात!

थंडी वाजून ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या विलक्षण दुखणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. गवतातील अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. त्यात काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी न दुखणारी काळी खपली कधी कधी आढळते. मुले ती सांगत नाहीत, आपणच पाहावी. दोन्ही रोग वेळीच ओळखले तर नेहमीच्या प्रतिजैविकांनी बरे होतात. उशीर झाल्यास मूत्रपिंडे, यकृत, फुफ्फुसे यांवर बेतते. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून दिवस काढू नयेत.

शाळांनाही एक सूचना. शिबिरानंतर महिनाभर गैरहजर मुलांची आवर्जून चौकशी करावी. आणि पालकहो, डॉक्टरांकडे गेल्यावर सर्वांत आधी सांगा, ‘हा शिबिराला गेला होता, पाण्याचिखलातून चालला होता.’ या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.