चौक कुणी लिहिला?

मैत्रिणींनो,

खांडबाऱ्याच्या बैठकीत मी एका कलाकार-निवासाचं पत्रक वाचून दाखवलं. महिनाभर राहायचं, लाकडी ठशांवरून चित्रं छापायची, बांधावरच्या माती-दगडांतून भूमिशिल्प करायचं. पुरुषांनीच अर्ज करावा असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लेकरू सोबत चालेल का, बुडालेल्या मजुरीचं काय, याबद्दलही अक्षर नव्हतं. "मग गडीच जाणार," एक बाई म्हणाली.

वारल्यांचं उदाहरण समोर आहे. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. (विधवांना तो मान नव्हता, हेही विसरू नये.) १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी कागद नेला आणि कागदावर नावं आली ती बहुतेक पुरुषांची. जिव्या सोमा मशे थोरच. २००३ मध्ये ब्रिटिश भूमिकलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं जर्मनीत प्रदर्शन झालं, २०११ ची पद्मश्रीही रास्तच. पण पिढ्यान् पिढ्या भिंतीवर लिहिणाऱ्या त्या बायकांची नावं आज तुम्हा-आम्हाला सांगता येतील?

आम्ही आयोजकांना लिहिलं आहे: पाळणाघर हवं, रोजची मजुरी हवी, आणि प्रत्येक छापाखाली करणारीचं नाव हवं. सही येत नसेल तर अंगठा चालेल, तोही ठसाच. उत्तर आलं की पुढच्या अंकात देऊ.