देवाच्या नव्या दाराला हा उंबरठा कशाला?

गोमंतकातील अनेक देवस्थानांनी आता आपापली संकेतस्थळे उभारली आहेत. मुंबईस, बेळगावास, इंदुरास पांगलेल्या कुळाव्यांना जत्रेची तिथी व पालखीची वेळ घरबसल्या कळावी, हा हेतू स्तुत्यच होय. परंतु हे नवे दार अंध भक्ताच्या तोंडावर बंद होते आणि बांधणाऱ्यांना त्याची दादही नसते.

अंध मनुष्य संगणक वापरतो तो कानांनी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रीन रीडर, विनामूल्य मिळते. एनव्हीडीए नावाची अशी आज्ञावली एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानेच 2006 साली सुरू केली. पण तिने वाचावे काय? आमच्याकडे छापील कार्यक्रमपत्रिकेचे छायाचित्रच चिकटवून देतात. वेलबुट्टी, मूर्ती, सोनेरी अक्षरे. यंत्राच्या लेखी ते केवळ एक चित्र! दुसरा प्रकार याहून विलक्षण. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या टंकात असतो. डोळ्यांस देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे दडलेली असतात आणि यंत्र 'श्री'च्या जागी भलतेच काही बडबडते. युनिकोडमध्ये देवनागरीस 1991 पासून स्थान आहे, तरी आमचा हट्ट सुटत नाही.

'पण असे भक्त कितीसे?' असा प्रश्न टाकला जातो. 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती 50 लक्षांवर भरल्या. पण ही मोजदाद हवीच कशाला? प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच दृष्टीस मुकले आणि इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या समाजाने, वाचावयास यंत्र सिद्ध असता, त्याचीच वाचा बसवावी?

'घरचे कोणी वाचून दाखवील की!' हेही उत्तर ठरलेले. का म्हणून? नवस कोणता बोलावा, देणगी किती द्यावी, हे माणसाचे आणि देवाचे खासगी बोलणे आहे. त्यात तिसरा नको. देणगीचा अर्ज भरावा तर रकान्यांना यंत्रास कळतील अशी नावे नसतात आणि शेवटी 'चित्रातील वाकडी अक्षरे ओळखा' हा अडसर असतोच. ('दिव्यांग' हे गोड नाव आम्ही मात्र लगेच उचलले.) 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने ती सर्वांस सुगम करावी असे बंधन घातले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग मानला. देवस्थानांनी कायद्याच्या धाकाची वाट पाहावी, हे आम्हांस शोभत नाही.

खर्च म्हणाल तर अत्यल्प. पत्रिकेखाली तोच मजकूर युनिकोडात टंकावा, चित्रास दोन ओळींचे वर्णन जोडावे, मराठी पान मराठी व कोंकणी पान कोंकणी अशी यंत्रास खूण द्यावी, कीर्तनाच्या चित्रफितीखाली बहिऱ्यांसाठी शब्द उमटवावेत. आणि संकेतस्थळ बांधणाऱ्याचे बिल चुकते करण्यापूर्वी महाजनांनी एखाद्या अंध कुळाव्यास बोलावून, कोणाच्याही मदतीवाचून, त्यावरून अभिषेक नोंदविता येतो का, ते पाहावे. येत नसेल तर पैसे रोखून धरावेत.